विषय: टर्नपाईकवरचा हिशेब

मंडळी,
आपल्या पत्रकात 'पोलीस यंत्रणेतला वर्णद्वेष' असं छापायचं घाटतंय. पुरावा काय? मिसुरीतल्या फर्गसन गावात कृष्णवर्णीय 67 टक्के, पण पोलिसांनी थांबवलेल्या गाडीवाल्यांत 85 टक्के, हेच ना? पण गावात राहणारे आणि रस्त्यावर गाडी हाकणारे सारखे नसतात. कोणी जास्त वेगात जात असेल तर? एकतीस वर्षं न्यू जर्सीत गाडी चालवतोय. दोनदा अडवलं, दोन्ही वेळा चूक माझी.
– अप्पा

अप्पा,
लोकसंख्येचा मुद्दा मान्य. नुसती टक्केवारी मीही पुरावा धरणार नाही.

पण 'वेगात जात असतील तर?' याची शहानिशा आपल्याच न्यू जर्सी टर्नपाईकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, झालीये. आरोपींच्या वकिलांकडची माणसं 55 मैलांच्या मर्यादेत क्रूझ कंट्रोल 60 वर लावून निघाली आणि मागून पुढे गेलेली गाडी न् गाडी मोजली. मर्यादा जवळजवळ सगळेच मोडत होते (अजूनही मोडतात, तुम्ही धरून). कृष्णवर्णीय माणसं 13.5 टक्के गाड्यांत होती, आणि वेग मोडणाऱ्यांत साधारण 15 टक्के. म्हणजे वेगाचं कारण तिथेच निकालात निघालं.

खरी गंमत पुढे आहे. रडारवाल्या पोलिसांनी फाडलेल्या दंडाच्या पावत्यांत कृष्णवर्णीय 18 टक्के. साध्या गस्तीवाल्यांच्या पावत्यांत 34. रस्ता तोच. रडार वेग बघतं; गस्तीवाला कोणाला अडवायचं हे स्वतः ठरवतो. जिथे मर्जी चालते तिथेच आकडा फुगतो, याला मी पुरावा म्हणते. 1996 मध्ये कोर्टानेही मानलं. सरकार अपिलात गेलं आणि 1999 मध्ये अपील मागे घेऊन भेदभावाची कबुली देऊन बसलं.
– मेघा (ढोलपथकवाली)

मेघा,
रडारचं माहीत नव्हतं. पण हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायरचं काय? स्वतः कृष्णवर्णीय. ह्यूस्टनच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबारांत त्याला वंशानुसार फरक सापडला नाही. ते तुम्ही लोक सोयीस्कर विसरता.
– अप्पा

अप्पा,
विसरत नाही. त्याच निबंधात बेड्या घालणं, भिंतीला दाबणं यांत मोठा फरक सापडलाय, ते तुमच्या फॉरवर्डमध्ये नव्हतं. शिवाय त्याचा हिशेब पोलिसाशी गाठ पडल्यानंतर सुरू होतो. गाठ पडलीच का, हा तर आपला वाद.

झडतीचं बघा. विमानतळावर आपल्या सुतळी बांधलेल्या बॅगा उघडतात. दहांतल्या सहांत हापूस निघाला तर मी गप्प बसेन. पण आपल्या बॅगा दुप्पट उघडून आंबे मात्र इतरांकडेच जास्त निघत असतील, तर उघडणारा बॅग बघत नाहीये, माणूस बघतोय. फर्गसनमध्ये हेच झालं: कृष्णवर्णीयांची झडती दुपटीहून जास्त, आणि बेकायदा काही सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा 26 टक्क्यांनी कमी. न्याय खात्याचा 2015 चा अहवाल आहे.
– मेघा

मेघा,
आंबे पटले. फर्गसन मिसुरीत आहे, ते बाजूला ठेवू. आपल्या पोलिसांवर 1999 मध्ये बसवलेली कोर्टाची देखरेख 2009 मध्ये उठली. पत्रक आजचं आहे, तर आकडे त्यानंतरचे आण. रडारचे वेगळे, गस्तीचे वेगळे. मग सही करतो.
– अप्पा