क्रेनियल नर्व्हज: क्रम पाठ आहे, पण मधलाच नंबर विचारला की गाडी अडते

जांभळी_शाई
एमबीबीएस, पहिलं वर्ष. क्रेनियल नर्व्हज, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. त्यांच्या आद्याक्षरांचं इंग्रजी वाक्य पाठ आहे, पण त्यात सुरुवातीलाच तीन ‘ओ’, मग दोन ‘टी’. सहावी आणि अकरावी दोन्ही ‘ए’, आठवी आणि दहावी दोन्ही ‘व्ही’. तोंडी परीक्षेत थेट “नववी कोणती?” आलं की पहिलीपासून मोजत यावं लागतं. सेन्सरी-मोटरचं (कोणती संवेदना आणते, कोणती हालचाल करवते) वाक्य तर वेगळंच. यापेक्षा बरं काही?

पेरंमोजणी
वाक्य सोडा, बोटं धरा. अंगठा सोडून चार बोटांची पेरं बरोबर बारा होतात. जप मोजतात तसं डाव्या हाताचा अंगठा बुडापासून टोकाकडे न्यायचा.

तर्जनी: ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर. तिन्ही ‘ओ’ एकाच बोटावर. वास, नजर, डोळ्याची हालचाल.
मधलं बोट: ट्रॉक्लिअर, ट्रायजेमिनल, अ‍ॅब्ड्युसेन्स.
अनामिका: फेशियल, व्हेस्टिब्युलोकॉक्लिअर, ग्लॉसोफॅरिन्जियल.
करंगळी: व्हेगस, अ‍ॅक्सेसरी, हायपोग्लॉसल.

नववी म्हणजे अनामिकेचं टोक, मोजायचं कामच नाही. दोन ‘ए’ आणि दोन ‘व्ही’ वेगवेगळ्या बोटांवर गेल्यामुळे तीही गल्लत मिटते. चौथी-पाचवी उलटी होत असेल तर एवढंच धरा: ट्रायजेमिनल सगळ्यात जाड, म्हणून सगळ्यात लांब बोटाच्या मधोमध; सगळ्यात बारीक ट्रॉक्लिअर बुडाशी.

सराव मात्र क्रमाने नको. १ ते १२ च्या चिठ्ठ्या करून उचलायच्या, नंबर बघून नाव आणि दुसऱ्या फेरीत नाव सांगून नंबर. आज, उद्या, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने. क्रमानेच घोकलं तर परत तेच, पहिलीपासून सुरुवात.

ओपीडी_बाक
सेन्सरी-मोटरसाठी त्याच पेरांवर हे दोन-दोनने म्हणा:

संसं, चाचा, मिचा, मिसं, मिमि, चाचा

सं संवेदी, चा चालक म्हणजे मोटर, मि मिश्र. पडताळून बघा: १, २, ८ संवेदी, ५, ७, ९, १० मिश्र, उरलेल्या चालक. पॅरासिम्पथेटिक तंतू (बाहुली लहान करणं, लाळ सुटणं अशी आपोआप होणारी कामं करणारे) ३, ७, ९, १० मध्ये. इथे हमखास पाचवी घुसवतात, कारण ती मिश्र आहे. मिश्र म्हणजे पॅरासिम्पथेटिक नव्हे, आणि तिसरी तर मिश्र नसूनही या यादीत आहे.

जांभळी_शाई
बोटांचं जमतंय! पण डोळ्याच्या स्नायूंचं एलआर६-एसओ४ हे सूत्र पाठ असूनही तिसरीच्या पाल्सीत (लकव्यात) डोळा कसा दिसतो ते आठवत नाही.

ओपीडी_बाक
ते वेगळं पाठ करूच नका, सूत्रातूनच निघतं. लॅटरल रेक्टस सहावी, सुपीरियर ओब्लिक चौथी, बाकी तिसरी. तिसरी गेली की ओढायला दोघेच उरतात: एक बाहेर ओढतो, दुसरा खाली. म्हणून डोळा खाली-बाहेर. पापणी उचलणारा लिव्हेटरही तिसरीचाच, म्हणून पापणी पडते. पॅरासिम्पथेटिक गेलं असेल तर बाहुली मोठी.

पापणीवर फसू नका. उघडते तिसरी, मिटते सातवी. डोळा मिटत नाही असा पेशंट दिला तर बोट फेशियलवर.

पेरंमोजणी
आणि जिना उतरताना एकाचे दोन दिसतात, मान एका बाजूला कललेली, असं वर्णन आलं तर चौथी. मान बहुधा निरोगी डोळ्याच्या बाजूला कलते. यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) मागच्या बाजूने बाहेर पडणारी एकमेव नर्व्ह कोणती? तीच.