प्रतिसाद: विंडोज आणि लिनक्ससाठी पायथनमध्ये मराठी नोंदींचं अ‍ॅप

मराठी नोंदींचं अ‍ॅप टीकेइंटरमध्ये करावं (पायथनसोबत येणारी, खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) की इलेक्ट्रॉनमध्ये (वेब तंत्रज्ञानाने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचं साधन), असा प्रश्न आहे, पण मजकूर मराठी असेल तर आधी अक्षरं तपासा. टीकेइंटर ज्यावर चालतं त्या टीके ८.६ च्या खिडकीत लिनक्सवर 'विद्यार्थी' लिहून पाहा: ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते, 'द्य' हे जोडाक्षर सुटं पडतं, रफार जागेवर बसत नाही. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण अक्षरजुळणीचा टप्पाच तिथे नाही. क्यूटी या दुसऱ्या खिडक्या बनवायच्या लायब्ररीत ते काम हार्फबझ हा अक्षरं जुळवणारा भाग करतो.

इलेक्ट्रॉनमध्ये मराठी नीट दिसेल, पण प्रत्येक अ‍ॅपसोबत अख्खं क्रोमियम ब्राउझर जातं. साध्या नोंदवहीसाठी हे फार होतं.

माझं मत पायसाइड६, म्हणजे क्यूटी पायथनमधून वापरायची लायब्ररी. परवाना एलजीपीएल हा मुक्त परवाना, त्यामुळे स्वतःचा कोड बंद ठेवता येतो. तेच काम करणाऱ्या पायक्यूटी६ ला मात्र जीपीएल (यात अ‍ॅप वाटलं तर स्वतःचा कोडही खुला करावा लागतो) किंवा विकतचा परवाना. नोंदींच्या तक्त्यासाठी क्यूटीचा क्यूटेबलविजेट हा तयार तक्ता टाळा. ५०,००० ओळी आणि १० रकाने भरले की प्रत्येक घरासाठी एक अशा ५ लाख वस्तू (ऑब्जेक्ट) मेमरीत तयार होतात. क्यूटेबलव्ह्यू (फक्त दाखवणारा तक्ता) आणि त्याला माहिती पुरवणारं स्वतःचं मॉडेल वापरलं, तर दिसणाऱ्या ओळींचीच माहिती मागवली जाते.

अडतं ते बांधणीत, म्हणजे कोडपासून चालवता येणारी फाइल बनवताना. त्यासाठीचं साधन पायइन्स्टॉलर विंडोजवर बसून लिनक्सची फाइल बनवत नाही. दोन्हीकडे वेगळी बांधणी करा, आणि लिनक्सची शक्य तितक्या जुन्या आवृत्तीवर, नाहीतर जुन्या मशीनवर जीलिबसीची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) आवृत्ती जुनी असल्याची तक्रार येते. विंडोजवर 'प्लॅटफॉर्म प्लगइन' (क्यूटीला विंडोजशी जोडणारा भाग) सापडत नाही असा संदेश आला, तर 'प्लॅटफॉर्म्स' फोल्डरमधली क्यूविंडोज डीएलएल सोबत गेली आहे का, ते आधी बघा.