मदत हवी आहे: रोजचे शंभर किलोमीटर, साडेचार लाखांचं बजेट, जुनी डिझेल गाडी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. सांगली ते कोल्हापूर अशी आठवड्यातून पाच दिवस ये-जा आहे. बाकीचं फिरणं धरून महिन्याला अडीच हजार किलोमीटर होतात. घरात पाच माणसं, त्यामुळे डिकी हवी. बजेट साडेचार लाख, त्यात ट्रान्सफर आणि पहिली सर्व्हिस बसायला हवी. सध्या यादीत २०१४ ते २०१७ मधल्या डिझायर, अमेझ आणि इटिऑस आहेत.

प्रश्न तीन. एवढ्या रनिंगला डिझेल परवडतं का? यातलं कोणतं इंजिन सगळ्यात कमी त्रासाचं? आणि एक डीलर दिल्ली पासिंगची २०१७ ची डिझायर इथल्या भावापेक्षा बरीच स्वस्त देतोय, ती घ्यावी का?

प्रतिसाद १

आधी हिशेब. दर तुमच्या पंपावरचे घाला, मी पेट्रोल १०५, डिझेल ९१ आणि सीएनजी ९२ रुपये धरलेत. हायवेला अशा सेडान पेट्रोलवर १७, डिझेलवर २२ आणि सीएनजीवर किलोमागे २५ देतात असं समजा. किलोमीटरला पेट्रोल ६.१८, डिझेल ४.१४, सीएनजी ३.६८ रुपये. वर्षाला ३०,००० किलोमीटर म्हणजे पेट्रोलपेक्षा डिझेलमध्ये साधारण ६१,००० रुपये वाचतात. जुन्या डिझेलचा देखभालीचा जादा खर्च काढला तरी बरेच उरतात.

सीएनजी त्याहून १४,००० नी स्वस्त दिसतो, पण डिकी टाकीखाली जाते, पंपावर रांग लागते आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते. पाच माणसं आणि सामान असेल तर तुमच्यासाठी डिझेलच बरं. महिन्याला हजाराच्या आत फिरणाऱ्याला मात्र मी जुनं डिझेल कधीच सुचवणार नाही. बचत होते तेवढी एका इंजेक्टरमध्ये (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) निघून जाते.

प्रतिसाद २

इंजिनांबद्दल. डिझायरमध्ये फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट आहे, ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क (ओढ). हेच इंजिन स्विफ्ट, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा, झेस्ट अशा कितीतरी गाड्यांत गेलं, म्हणून गावोगावच्या मिस्त्रीला ते पाठ आहे आणि पार्ट कुठेही मिळतो. साधारण २,००० आरपीएमच्या खाली ओढ कमी असते, ते या इंजिनाचं मूळ वागणं आहे, बिघाड नव्हे. याचं दुखणं एकच आणि ते मोठं आहे: टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ ठेवणारी साखळी. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी पडलं किंवा बदलायला उशीर झाला की चेन सैल पडते. ती सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. म्हणून या गाडीत किलोमीटरपेक्षा ऑइल कधी कधी बदललं याची नोंद महत्त्वाची.

अमेझचं १,४९८ सीसीचं आयडीटेक इंजिन १०० पीएस आणि २०० न्यूटन मीटरचं. खालच्या आरपीएमला डिझायरपेक्षा छान ओढतं. आवाज मात्र केबिनमध्ये स्पष्ट येतो, तो सहन होतो का हे तासभर चालवून ठरवा. इटिऑसचं १,३६४ सीसीचं डी-फोर-डी इंजिन ६८ पीएसचं, शांत चालीचं आणि दणकट, आणि डिकी तिघांत सगळ्यात मोठी. पण इटिऑस टॅक्सीला प्रचंड वापरली गेली. आरसीवर वाहनाचा प्रकार आणि आधीच्या नोंदी बघा. पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आणलेली गाडी असेल तर किंमत त्या हिशेबाने मागा.

कंपनीच्या कागदावरचं ॲव्हरेज बघून या तिघांत निवड करू नका. २०१७ च्या डिझायरचा एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणारी संस्था) आकडा लिटरला २८.४ किलोमीटर आहे, पण तो प्रयोगशाळेतला. नव्वदच्या वेगाने शांत चालवली तर तिन्ही २० ते २३ च्या आसपास देतात. फरक पडतो तो इंजेक्टर, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) आणि टायरच्या हवेमुळे. नीट ठेवलेली इटिऑस हेळसांड झालेल्या डिझायरला ॲव्हरेजमध्ये सहज मागे टाकेल.

प्रतिसाद ३

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर परत या. थंड इंजिनातच सगळं उघडं पडतं.

चावी फिरवून हीटरचा दिवा विझू द्या, मग स्टार्टर मारा. दोन-तीन सेकंदांत पेटायला हवी. लांबत असेल तर बॅटरी किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन पेटण्याआधी आत उष्णता देणारा) खराब, नाहीतर रेल प्रेशर म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब कमी. बाहेर धूर बघा. डिझेलचा वास असलेला पांढरा धूर रेंगाळला तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा रिंगमधून. जोर दिल्यावर दाट काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय: ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कार्बनने भरलाय, टर्बोचा होज (रबरी पाइप) फाटलाय किंवा नोझल खराब आहे. स्टार्टच्या वेळचा एखादा भपका सोडून द्या.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. हलकी वाफ चालते. झाकण उडत असेल तर कॉम्प्रेशन रिंगमधून खाली येतंय आणि ते इंजिन उघडावं लागणार. अशी गाडी सोडा. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते बदलल्यावर लगेच काळं होतं. दुधासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास आला तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय.

मग इंजेक्टरच्या बुडाशी टॉर्च मारा. काळा, डांबरासारखा थर आणि फुसफुस आवाज म्हणजे खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. वॉशर क्षुल्लक किमतीचा असतो, पण तशीच चालवत राहिली तर इंजेक्टर हेडमध्ये घट्ट बसतो आणि काढताना हेडला इजा होते.

सौदा जवळ आला की गॅरेजमध्ये नेऊन लीक-ऑफ टेस्ट करा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या आणि बाटल्या लावायच्या, काही मिनिटं आयडलवर ठेवायची. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं हवं. एकीत दुप्पट आलं तर तो इंजेक्टर झिजलाय. चारही नवे घालायचे म्हटलं तर साडेचार लाखांच्या गाडीचा दहावा हिस्सा सहज जातो, म्हणून ही टेस्ट टाळू नका.

स्कॅनर लावल्यावर नुसते एरर कोड बघून थांबू नका. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हा आकडा बऱ्याच स्कॅनरवर दिसतो. तो पाच-दहा किलोमीटर असेल तर दाखवायच्या आधीच कोणीतरी कोड पुसलेत. अशा वेळी पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करायची मागणी करा.

चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पूर्ण दाबा. २,००० च्या आसपास ढकलल्यासारखी ओढ यायला हवी. चौथ्यात चाळीसच्या वेगाला दाबल्यावर आरपीएम चढला आणि वेग नाही, तर क्लच गेला. शक्य असेल तर चढावर न्या. सपाट रस्त्यावर लपलेलं टर्बोचं दुखणं घाटात लगेच समोर येतं.

प्रतिसाद ४

तुमच्या भागासाठी एक खास गोष्ट. सांगली आणि कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला महापूर आला. एमएच-०९ किंवा एमएच-१० पासिंगची गाडी घेताना पाण्यात उभी राहिली होती का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवरचा आणि बोल्टवरचा गंज, कार्पेटखालचा ओला नमदा, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवरची हिरवट बुरशी बघा. नवेकोरे सीटकव्हर आणि उग्र सुगंध असेल तर जास्त कसून बघा. इन्शुरन्सच्या क्लेमचा इतिहासही मागा. असं वायरिंग दोन-तीन वर्षांनी त्रास द्यायला लागतं, आणि फॉल्ट शोधण्यात पार्टच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त जाते.

मीटरबद्दल. दहा वर्षांची डिझेल गाडी ५०,००० दाखवत असेल तर पुरावा मागा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवर प्रत्येक भेटीचे किलोमीटर मिळतात. मालकाला सोबत घेऊन काढा. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. काचांवरही वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारा.

प्रतिसाद ५

दिल्लीच्या गाडीचं. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, त्यामुळे दहाव्या वर्षाच्या तोंडावर या गाड्या स्वस्तात बाहेर येऊ लागल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने ही बंदी काहीशी शिथिल केली. गाडी वाईटच असते असं नाही. पण मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ लागतो, इथे गाडीच्या वयाप्रमाणे रस्ता कर भरून महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, आणि नोंदणीची पंधरा वर्षं पहिल्या नोंदणीपासूनच मोजली जातात. हे सगळं धरून डीलरला एकच आकडा लेखी द्यायला सांगा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. माझ्या मते रोजच्या वापराच्या गाडीसाठी एवढी यातायात करू नये, इथल्याच पासिंगची शोधा.

धागाकर्ता

खूप आभार. एमएच-०९ ची २०१५ ची डिझायर बघितली. ९२,००० किलोमीटर, सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण, पुराची खूण नाही. इंजिन थंड असताना लगेच पेटली, पण दोन सेकंद खडखड झाली. जोर दिला की फुस्स असा आवाज, ओढ कमी आणि मागे काळा धूर. मालक म्हणतात, सगळ्या डिझेलना असंच होतं.

प्रतिसाद ३

असं होत नाही. फुस्स, कमी ओढ आणि काळा धूर तिन्ही एकत्र आले तर पहिला संशय टर्बोकडून इनटेककडे जाणाऱ्या होजवर. जोडाजवळ ऑइलने ओला झालेला भाग किंवा चीर दिसेल. होज किंवा क्लॅम्प बदलला की काम होतं, खर्च किरकोळ. होज ठीक निघाला तर टर्बोच्या हवा घेण्याच्या बाजूचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवा. किंचित बाजूला हलतो ते चालतं. आत-बाहेर हलत असेल किंवा पाती घासल्याची खूण असेल तर टर्बो गेला.

खडखड दोन सेकंदांत थांबते म्हणजे टेन्शनरला दाब मिळायला तेवढा वेळ लागतोय. ऑइलची पातळी बघा. इंजिन गरम झाल्यावरही आवाज राहिला तर चेन किट बदलायची वेळ आली. होजचा बिघाड निघाला, लीक-ऑफ टेस्टमध्ये चारही बाटल्या सारख्या आल्या आणि गरम इंजिन शांत असेल तर गाडी घ्यायला हरकत नाही. दुरुस्ती मालकाकडून आधी करून घ्या आणि पुन्हा चालवून बघा. शिवाय ४०,००० बाजूला ठेवा.

प्रतिसाद ५

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर ते आरसीवरून काढायचा बँकेचा फॉर्म ३५ आणि एनओसी, आणि परिवहन पोर्टलवर चलनं बाकी नाहीत ना, एवढं पैसे देण्याआधी. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल.

ताब्यात आल्याच्या आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला, जुनी बिलं काहीही सांगोत. मग टाकी पहिल्या कटऑफपर्यंत (पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा, किमान तीनशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत भरा. चाललेल्या किलोमीटरांना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा, तेच खरं ॲव्हरेज. मीटरवरच्या ॲव्हरेजवर भरवसा ठेवू नका. १९ च्या खाली आलं तर टायरची हवा बघा, चाकं उचलून ब्रेक घासतोय का बघा आणि त्यानंतरच इंजेक्टरकडे वळा.