‘टू लिव्ह’: कादंबरीतले मृत्यू पडद्यावर कमी करायला हवे होते का?

धागाकर्ता
यू हुआ यांच्या ‘टू लिव्ह’ या चिनी कादंबरीवर झांग यिमोऊ यांनी काढलेल्या चित्रपटाला १९९४ साली कान महोत्सवात ग्रां प्री (तिथले दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक) मिळाले, तरी माझ्या मते दिग्दर्शक ऐन मोक्याच्या जागी कचरला. जुगारात घरदार घालवलेला फुगुई कादंबरीत मुलगा, मुलगी, बायको, जावई आणि शेवटी नातू यांना एकेक करून मूठमाती देतो. उरतो तो एक म्हातारा बैल. आणि त्याला आपण एकटेच राबतो आहोत असे वाटू नये, म्हणून फुगुई नांगर हाकताना गेलेल्या माणसांच्या नावांनी हाका मारतो. चित्रपटात मात्र बायको, जावई आणि नातू जिवंत आहेत. प्रेक्षकाला ही सवलत कशासाठी?

प्रतिसाद १
सवलत हा शब्द मला पटत नाही. कादंबरीत जावई सिमेंटच्या लाद्यांमध्ये चिरडतो, म्हणजे दैवाचाच घाला. चित्रपटाने असे मृत्यू गाळले आणि उरलेल्यांची जबाबदारी नेमकी ठरवली. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी, ऐन सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे तरुणांना जाणत्यांविरुद्ध उभे करणाऱ्या माओच्या मोहिमेत, दवाखाना विद्यार्थिनींच्या ताब्यात असतो. कोंडून ठेवलेल्या जाणत्या डॉक्टरला कसेबसे आणावे, तर तो उपाशी माणूस वाफवलेले पाव अधाशासारखे खातो आणि रक्तस्राव सुरू होतो तेव्हा त्याला उठवत नाही. चीनमध्ये या चित्रपटावर बंदी आली, ती काही गोड शेवटामुळे नव्हे.

धागाकर्ता
बंदीवरून सरकारची भीती कळते, चित्रपटाचा कस नव्हे. शिवाय कादंबरीत जिल्हाप्रमुखाच्या बायकोसाठी मुलाचे रक्त तो मरेपर्यंत काढून घेतात, तर चित्रपटात त्याच अधिकाऱ्याच्या मोटारीच्या धक्क्याने भिंत कोसळून मुलगा मरतो. आपण म्हणता ती नेमकी जबाबदारी इथे अपघातावर ढकलली गेली.

प्रतिसाद २
तो निव्वळ अपघात नाही. गावोगावी लोखंड गाळण्याच्या सरकारी मोहिमेत जागरणाने पेंगुळलेल्या त्या पोराला, मुलगा गैरहजर दिसला तर आपण मागासलेले ठरू या धास्तीने, बापच पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवतो. वाटेत तो सांगतो, की कोंबडीची हंसीण होईल, हंसिणीची मेंढी, मेंढीचा बैल आणि बैलानंतर साम्यवाद येईल. शेवटी नातवाला हेच सांगताना साम्यवाद गळालेला असतो. ज्याला आपण दिलासा म्हणता, त्यात ही एवढी मोठी वजाबाकी आहे.

धागाकर्ता
वजाबाकी मान्य, आणि ती सुंदरच आहे. पण ती दाखवायला आजोबा आणि नातू पुरेसे होते. बायकोला आणि जावयाला वाचवण्याचे कारण त्यातून मिळत नाही.