वरळीच्या समुद्रातील कृत्रिम भित्तिका, ‘गुलदार’ आणि स्कूबा डाइव्हिंग : काही प्रश्न

प्रश्न : गिरगावकरीण

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी अंदमानात मी ओपन वॉटर हे स्कूबा डाइव्हिंगचे पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र घेतले आणि त्यानंतर नेत्राणी व तारकर्ली मिळून माझ्या नोंदवहीत चौदा डाइव्ह जमा झाल्या आहेत. म्हणजे मी नवशिकीच आहे, परंतु रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारे साधन) तोंडातून निघाला तर घाबरून वर धाव घेण्याइतकी नवीन राहिलेली नाही.

वरळी कोळीवाड्यासमोर, किनाऱ्यापासून सुमारे ५०० मीटर अंतरावर, २०२३ साली सिमेंट-काँक्रीट आणि पोलादाचे २१० ठोकळे समुद्रतळावर बसवून मुंबईतील पहिली कृत्रिम भित्तिका, म्हणजे समुद्री जीवांना आसरा देणारा माणसाने बनवलेला खडक (आर्टिफिशियल रीफ), तयार करण्यात आली, हे आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले असेल. माझी बस रोज वरळीवरून जाते आणि खिडकीतून ते पाणी दिसले की मनात एकच प्रश्न येतो : तिथे उतरता येईल का? आपल्याच शहरात, लोकलने जाऊन डाइव्ह करून घरी जेवायला परत येणे, ही कल्पनाच मला मोहवते.

दुसरे म्हणजे, नौदलातून निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले असून सिंधुदुर्गातील निवतीच्या खडकांजवळ ते बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि भित्तिका करण्याची योजना आहे. अशा जहाजावर जाण्यासाठी माझे सध्याचे प्रशिक्षण पुरेल का?

तिसरा प्रश्न माझ्या वडिलांचा आहे. त्यांच्या मते हा सगळा ‘भंगार समुद्रात टाकायचे आणि वर त्याचे तिकीट लावायचे’ असा प्रकार आहे. त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला खरोखरच सुचलेले नाही.

प्रतिसाद १ : खोलपाणी

मी सोळा वर्षे डाइव्हिंग शिकवतो आहे, त्यातली बहुतेक मालवण आणि गोव्यात गेली. वरळीचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे : जाऊ नका. तिथे मासे नसतील म्हणून नव्हे, तर असले तरी ते आपल्याला दिसणार नाहीत म्हणून. मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी भरती-ओहोटीने रोज चार वेळा ढवळले जाते, मोठ्या उधाणाला पाण्याच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, तळ चिखलाचा आहे, आणि खाड्यांतून व नाल्यांतून येणारा गाळ व सांडपाणी वेगळेच. अशा पाण्यात हात लांब केला तर आपलाच पंजा दिसत नाही. ज्या डाइव्हमध्ये आपण आपल्या बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, पाहू शकत नाही, ती करमणुकीची डाइव्ह नसते, ते बंदरातील व्यावसायिक पाणबुड्यांचे काम असते, आणि ते लोक वरून दोरीने बांधलेले व बोलण्याच्या यंत्रणेने जोडलेले असतात. शिवाय तो भाग मासेमारीच्या होड्यांच्या वाटेत येतो.

आता जहाजाविषयी. ‘गुलदार’ पोलंडमध्ये बांधलेले, १९८५ साली नौदलात दाखल झालेले, रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारे सुमारे ८४ मीटर लांबीचे जहाज आहे. अशा जहाजाच्या बाहेरून फिरणे आणि आत शिरणे ही दोन सर्वस्वी वेगळी कामे आहेत, आणि आपल्याकडे प्रवाशांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्ड या पुढच्या पायरीची ३० मीटर आणि विशेष प्रशिक्षणानंतर करमणुकीच्या डाइव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. परंतु हे आकडे पाठ असणे आणि त्यांचा अर्थ अंगात मुरलेला असणे यांत अंतर आहे. दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणून ३० मीटरवर आपण चार वातावरणांच्या दाबाखाली श्वास घेत असतो आणि सिलिंडर पृष्ठभागाच्या चौपट वेगाने रिकामा होत असतो. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत (बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) भरला तर त्यात २४०० लिटर हवा मावते. त्यातले ५० बार राखीव ठेवले तर उरतात १८०० लिटर. शांतपणे मिनिटाला २० लिटर हवा वापरणारा माणूस तिथे ८० लिटर वापरील, म्हणजे उतरणे-चढणे धरूनही जेमतेम वीस-बावीस मिनिटे. घाबरलेला माणूस त्याच्या निम्म्यात संपवतो. दाबाखाली अंगात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा हिशोबही तसाच आवळत जातो : पॅडी या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या प्रचलित तक्त्यानुसार पहिल्या डाइव्हला विनाथांबा, म्हणजे वर येताना नायट्रोजन बाहेर पडण्यासाठी सक्तीने थांबावे न लागता, १८ मीटरवर ५६ मिनिटे मिळतात, ३० मीटरवर २० आणि ४० मीटरवर केवळ ९. त्यामुळे कोणी जहाज दाखवायला नेतो म्हणाला, तर त्याला पहिला प्रश्न ‘तिकीट किती?’ असा न करता ‘डेक किती मीटरवर आहे आणि तळ किती मीटरवर आहे?’ असा करावा. फ्लोरिडात पेन्साकोलापासून दूर २००६ मध्ये बुडवलेल्या ‘ओरिस्कानी’ या विमानवाहू नौकेचे उदाहरण घ्या. तिच्या मनोऱ्याचा माथा साधारण २५ मीटरवर लागतो, परंतु विमानांचा डेक ४४ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ज्या डेकसाठी लोक एवढ्या लांब जातात तोच करमणुकीच्या मर्यादेच्या खाली राहतो.

बुडवलेले जहाज तळावर सरळच बसते, असेही नाही. सॅन दिएगोजवळचे ‘युकॉन’ २००० साली ठरलेल्या वेळेआधीच बुडाले आणि कुशीवर पडले. त्यामुळे आत गेलेल्याला भिंत कोणती आणि जमीन कोणती याचा पत्ता लागत नाही. फ्लोरिडातील ‘स्पीगल ग्रोव्ह’ २००२ मध्ये वेळेआधी उलटले, नंतर कुशीवर आले, आणि २००५ च्या एका चक्रीवादळाने त्याला सरळ उभे केले. त्याच जहाजाच्या आत खोलवर गेलेले तीन अनुभवी डायव्हर २००७ मध्ये परत आले नाहीत.

माझीही एक गोष्ट सांगतो. नवीन असताना परदेशातील एका बुडालेल्या जहाजाच्या खोलीत मी दोरी न लावता शिरलो, कारण मागचे दार मला स्वच्छ दिसत होते. वळताना माझा फिन (पायातला पोहण्याचा पंखा) तळाला लागून गाळ उडाला आणि पुढची तीन-चार मिनिटे टॉर्चच्या उजेडात मला केवळ तपकिरी धूर दिसत होता. दार सापडले ते भिंतीला हात लावून सरपटत गेल्यामुळे. त्या दिवशी आमच्याबरोबर असलेल्या स्थानिक मार्गदर्शकाने बाहेर येऊन हसत अंगठा दाखवला, आणि पाण्याखाली अंगठा दाखवणे म्हणजे ‘वर चला’, हे मला तेव्हाच पहिल्यांदा नीट पटले.

तुमच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर आधी ॲडव्हान्स्ड करा, त्यात बुडालेल्या जहाजांवरची डाइव्ह निवडा, तरंगण्यावरचे नियंत्रण इतके पक्के करा की तळापासून हातभर वर हालचाल न करता थांबता येईल, आणि तोवर कोणत्याही जहाजाकडे खिडकीतूनच पाहा.

प्रतिसाद २ : वेसावकर

ताई, मी वेसावे कोळीवाड्यातला आहे. आमची होडी अजून आहे, जरी मी स्वतः नोकरी करतो. डाइव्हिंगविषयी मला काही सांगता येणार नाही, परंतु या ‘कृत्रिम भित्तिका’ शब्दाविषयी थोडे बोलतो. आमच्याकडे याला सरळ खडप म्हणतात. चिखलाच्या समुद्रात जिथे खडप असते तिथे हेकरू, तांबोशी, शेवंड हमखास लागते, आणि अशा जागा बाप मुलाला सांगतो, शेजाऱ्याला सांगत नाही. म्हणून माणसाने बनवलेले खडप ही कल्पना आम्हाला विचित्र वाटत नाही. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलचे जाळे अशा ठोकळ्यांत अडकते, त्यामुळे ट्रॉलवाले तिथून लांब राहतात आणि गळ टाकणाऱ्या लहान माणसाला थोडी जागा मिळते, हा त्यातला मोठा फायदा आहे.

तक्रार वेगळी आहे. आमची डोल जाळी, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधून ठेवायची पिशवीसारखी जाळी, हीही अशा ठोकळ्यांवर फाटू शकतात. जागा ठरवताना कोळीवाड्याला विचारले तर कोणता पट्टा कोणाचा हे पाच मिनिटांत कळते. आणि उद्या तिथे माणसे पाण्यात उतरवायला लागली, तर पहिली सूचना फलकावर लागेल ती ‘मासेमारीस मनाई’ अशी. खडप आमच्या नावावर मागायचे आणि बोट पर्यटकांची लावायची, असे होऊ नये.

पाण्याविषयी खोलपाणी यांचे बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालतो की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी गढूळच असते. त्यातल्या त्यात निवळ पाणी पाहायचे असेल तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या, दिवसांत आणि तेही दिवाळीनंतर पाहावे. पण निवळ म्हणजे आमच्या हिशोबाने निवळ, अंदमानच्या नव्हे.

प्रतिसाद ३ : शंखशिंपले

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. तुमच्या वडिलांची शंका मला गैर वाटत नाही. किंबहुना या विषयातला मूळ वाद तोच आहे, फक्त शास्त्रज्ञ तो वेगळ्या शब्दांत मांडतात : भित्तिकेमुळे मासे वाढतात की नुसते गोळा होतात?

तळावर कठीण पृष्ठभाग आला की प्रथम त्यावर जिवाणू आणि सूक्ष्म शैवालांचा पातळ थर धरतो, मग बार्नेकल, कालवे, स्पंज आणि त्यांच्यासारखे चिकटून राहणारे जीव येतात, त्यांच्या फटींत खेकडे आणि लहान मासे राहू लागतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे. ज्या समुद्रात खडक फार कमी आहेत तिथे पिल्लांना लपायला जागा मिळाल्याने खरी वाढ होऊ शकते. पण आजूबाजूच्या दहा-वीस किलोमीटरमध्ये विखुरलेले मासे जर एका ठोकळ्याभोवती जमले आणि तिथेच सगळ्यांनी गळ टाकले, तर वर्षभर सुगी आणि पुढे दुष्काळ. म्हणून भित्तिकेचा फायदा ठोकळ्याच्या आकारापेक्षा तिथल्या मासेमारीच्या नियमांवर जास्त अवलंबून असतो. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लहान मच्छीमारांसाठी त्रिकोणी, विहिरीच्या कड्यासारखे आणि हेकरूंसाठी खास पोकळ्या ठेवलेले असे ठोकळे टाकले, तिथेही गावाने पाळलेले नियम महत्त्वाचे ठरतात.

मुंबईत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोक या ठोकळ्यांना सर्रास ‘कृत्रिम प्रवाळ’ म्हणतात, ते चुकीचे आहे. भित्तिका बांधणाऱ्या प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो, कारण त्याच्या अंगात राहणारी शैवाले अन्न बनवतात, आणि आपल्या गढूळ पाण्यात चार-पाच मीटरखाली फारसा उजेड पोचत नाही. मुंबईत प्रवाळ आहेत, पण ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरचे. सागरी किनारा मार्गाच्या वेळी वरळी आणि हाजी अलीजवळच्या अशाच वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या, कारण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. वरळीच्या ठोकळ्यांवर त्यामुळे कालवे, बार्नेकल, स्पंज अशा मंडळींची अपेक्षा धरावी. त्यांना कमी लेखू नका. कालवे पाणी गाळतात, आणि आपल्या शहराच्या पाण्याला ते काम करणारा कोणी हवाच आहे.

आता भंगाराचे. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ १९७० च्या दशकात सुमारे २० लाख जुने टायर बांधून समुद्रात टाकले गेले, हेतू भित्तिकेचाच होता. पोलादी क्लिपा गंजल्या, नायलॉनच्या दोऱ्या तुटल्या, आणि वादळांत सैल झालेले टायर शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आपटू लागले. ते उचलून काढण्याचे काम पुढे अनेक वर्षे लष्करी पाणबुड्यांना करावे लागले. वडिलांना हे उदाहरण जरूर सांगा, ते म्हणतील ‘मी म्हणालो नव्हतो का?’, आणि या एका प्रकरणापुरते ते बरोबर असतील. जहाजाच्या बाबतीत प्रश्न असा विचारावा की तेल, ॲस्बेस्टॉस, विषारी रंग आणि केबलींच्या आवरणातले पीसीबी हे विषारी रसायन काढले का, आणि ते तपासले कोणी. ‘ओरिस्कानी’वर पीसीबी पूर्णपणे निघाले नव्हते, तरी जोखमीचा अभ्यास करून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने परवानगी दिली, आणि त्यावर आजही मतभेद आहेत. काँक्रीटचेही तसे काही सोवळे नाही. ताजे काँक्रीट पाण्याला तीव्र अल्कली असते, म्हणून ते आधी मुरवून वापरलेले बरे.

गिरगावकरीण :

सर्वांचे मनापासून आभार. वरळीचा विचार सोडला, आणि खरे सांगायचे तर थोडी निराश झाले. वेसावकर, तुमची हरकत मला न्याय्य वाटते, मी त्या बाजूने विचार केलाच नव्हता. खोलपाणी सर, एक शेवटचा प्रश्न : आम्ही मालवणहून गाडीने परत येताना आंबोली घाटाने, कोल्हापूर-पुण्यावरून येतो. डाइव्हनंतर तसे यायला काही हरकत आहे का?

खोलपाणी :

हा प्रश्न विचारलात हे फार बरे झाले, कारण शंभरातले नव्वद जण विचारत नाहीत. हरकत आहे. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर गेल्यावर कमी झालेल्या हवेच्या दाबामुळे अंगात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो, आणि आंबोली त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे. विमानासाठी जो नियम, म्हणजे एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास, तोच घाटासाठी धरा. शेवटची डाइव्ह परतीच्या आदल्या दिवशी सकाळी उरका किंवा कोकणातल्या महामार्गानेच खाली-खाली परत या. खड्डे लागतील, पण त्या बुडबुड्यांमुळे होणाऱ्या सांध्यांच्या दुखण्यापेक्षा ते बरे.

वेसावकर :

आणि ताई, नारळी पौर्णिमेनंतर कधी वेसाव्याला आलात तर माझ्या काकांच्या होडीतून खडपाच्या वरून एक फेरी मारू. खाली उतरायची गरज नाही. गळाला काय लागते त्यावरून खाली काय आहे ते कळते.