कर्नलमधला डेटा वरच्या प्रोग्रॅमला द्यायचा कसा? कॅट थांबतच नाहीये

अर्धवट_ड्रायव्हर:
लिनक्सवर एका सेन्सरसाठी छोटं कर्नल मोड्यूल (सिस्टिमच्या गाभ्यातच चालणारा कोड) लिहितोय. इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा) आला की रीडिंग घ्यायचं, सेकंदाला साधारण 200 येतात, एकेक नोंद 16 बाईटची, आणि ती वरच्या सी प्रोग्रॅमला पोचवायची, एवढंच काम. आधी प्रिंटके मारून, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये छापून, डीमेसेजमधून ग्रेप करत होतो (हसू नका), मग प्रॉकमध्ये (कर्नलची माहिती फाइलसारखी दिसते ती जागा) फाइल केली. आता ती वाचायला कॅट कमांड मारली की तीच ओळ येत राहते येत राहते, कंट्रोल-सी मारल्याशिवाय थांबतच नाही. शिवाय रीड फंक्शनमध्ये युजरच्या बफरमध्ये सरळ मेमसीपीवाय (थेट मेमरी कॉपी) केलं तर ऊप्स (कर्नलची एरर) येऊन प्रोसेस मरते, जुन्या मशीनवर मात्र हाच कोड चालत होता! आणि प्रॉक, सिसएफएस, नेटलिंक (सॉकेटवरून), एममॅप (एकच मेमरी दोघांनी वापरायची) यातलं वापरायचं काय, जो तो वेगळंच सांगतो.

शून्य_परत_कर:
कॅटचा काही दोष नाही. रीड शून्य देईपर्यंत ते विचारतच राहणार, आणि तुम्ही दर वेळी ओळीची लांबी परत करताय म्हणजे त्याला वाटतं अजून आहे. ऑफसेट (वाचन कुठवर आलं तो आकडा) बघा, तो पुढे सरकवा, संपलं की शून्य. हाताने करायचं नसेल तर सिंपल_रीड_फ्रॉम_बफर हे तयार फंक्शन आहेच.

पानोपानी:
जुन्या मशीनवर चालत होतं ते नशीब, बरोबर होतं म्हणून नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ब्रॉडवेल पिढीपासून स्मॅप नावाचं संरक्षण आलं, त्यात कर्नलने युजरच्या मेमरीला असा थेट हात लावला की प्रोसेसरच अडवतो. पण स्मॅप नसलं तरी मेमसीपीवाय चूकच, कारण वरून कोणी मुद्दाम कर्नलमधलाच पत्ता दिला तर तुमचा कोड गुमान तिथे लिहून मोकळा होईल. त्याजागी कॉपी_टू_युजर वापरा, ते आधी पत्ता तपासतं. ते किती बाईट कॉपी झाले *नाहीत* तो आकडा देतं हे लक्षात ठेवा. शून्य आलं तर ठीक, नाहीतर मायनस ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर कोड) परत करा. मी एकदा तोच आकडा तसाच रिटर्न केला होता आणि अर्धा दिवस डोकं धरून बसलो होतो.

आणखी एक, कॉपी_टू_युजर झोपू शकतं, म्हणजे मध्येच थांबून वाट बघू शकतं. म्हणून ते इंटरप्ट हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) नाही आणि स्पिनलॉक (ज्यात झोपायची मुभा नसते असं लॉक) धरूनही नाही.

बफरवाला:
प्रॉक सोडा आता, कॅरेक्टर डिव्हाइस (फाइलसारखं उघडून वाचता येणारं डिव्हाइस) करा. हँडलरने नोंद केफिफोत (कर्नलमधली तयार रांग) टाकायची आणि वेट क्यू (वाट बघणाऱ्यांची यादी) जागी करायची, रीड तिथे झोपून राहील आणि डेटा आला की केफिफो_टू_युजर. एक लिहिणारा एक वाचणारा असेल तर लॉक लागत नाही, वाचणारे दोन झाले तर रीडभोवती म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) लावा. साइज दोनच्या घातात असते, 1024 नोंदी ठेवल्या तर वरचा प्रोग्रॅम पाचेक सेकंद गाफील राहिला तरी चालतं. त्यापुढे नवीन नोंद आत जाणारच नाही, म्हणून किती गळल्या त्याचा काउंटर ठेवा, नाहीतर नंतर सेन्सरला शिव्या घालत बसाल. पोल (डेटा आलाय का हे वरच्या प्रोग्रॅमला विचारता येण्याची सोय) पण द्या. सिसएफएस एका फाइलला एक आकडा अशा कामासाठी, सेटिंगला छान.

झिरोकॉपी:
एममॅप करून रिंग बफर शेअर करा की, कॉपीच नको. कर्नलमधले पर्फ, आयओ_युरिंग सगळे तेच करतात.

बफरवाला:
सेकंदाला 3200 बाईट आहेत हो! त्यासाठी मेमरी बॅरियर (वाचण्या-लिहिण्याचा क्रम राखणाऱ्या सूचना) सांभाळत बसायचं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर. सेकंदाला शेकडो एमबी असते तर मीच एममॅप म्हटलं असतं.

पानोपानी:
@अर्धवट_ड्रायव्हर तुमचं स्ट्रक्चर टाका जरा, 16 बाईट म्हणालात त्यावरून शंका येतेय.

अर्धवट_ड्रायव्हर:
यू64 टाइमस्टॅम्प, यू32 व्हॅल्यू, यू8 फ्लॅग.

पानोपानी:
झाले 13. उरलेले तीन पॅडिंगचे (कंपायलरने टाकलेली रिकामी जागा), आणि स्ट्रक्चर स्टॅकवर असेल तर त्यात कर्नलचा काय कचरा पडलाय तो तुम्ही वर पाठवताय. भरण्याआधी मेमसेटने सगळं शून्य करा, किंवा तीन बाईटचं रिझर्व्ड फील्ड टाकून ते शून्य करा.

अर्धवट_ड्रायव्हर:
हेक्सडंप काढला, खरंच शेवटचे तीन बाईट दर ओळीत वेगळे! रिझर्व्ड टाकलं, आता सगळे शून्य. केफिफो पण चालू झाला, फक्त प्रोग्रॅम कंट्रोल-सीने मरत नव्हता, वेट_इव्हेंटच्या जागी इंटरप्टिबल वाला घातला तेव्हा सुटलं.