माराजोच्या मातीच्या 'तांगा' खरंच अंगावर घालायचे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ब्राझीलला ॲमेझॉनच्या मुखाशी माराजो बेट आहे ना, तिथल्या साधारण इ.स. 400 ते 1300 मधल्या संस्कृतीबद्दल वाचतेय. तिथे बायकांनी कमरेखाली बांधायच्या भाजलेल्या मातीच्या त्रिकोणी झाकण्या सापडल्यात, त्यांना तांगा म्हणतात. साधारण तळहाताएवढ्या, अंगाच्या गोलाईप्रमाणे वळवलेल्या, तिन्ही कोपऱ्यांना दोरी ओवायला भोकं. काही नुसत्या लाल लेपाच्या, काहींवर पांढऱ्या लेपावर लाल-तपकिरी रेघांची नक्षी, तीही इतकी गच्च की बोट ठेवायला जागा नाही.

आता अडलंय कुठे, तर बऱ्याच तांगा मृतांच्या अस्थी ठेवलेल्या रांजणांत मिळाल्या, म्हणून आधी वाटलं पुरण्यापुरत्याच केल्या असतील, पण काहींची भोकं दोरीने घासून झिजलीत म्हणे, म्हणजे कुणीतरी घातल्याच असणार की! मी टेराकोटाचे दागिने करते, साधं लोंबतं कानातलं घातलं तरी गर्दीत जीव मुठीत असतो, मग कमरेला असली पातळ माती बांधून या बायका होडीत चढत-उतरत असतील हे काही पटत नाही बुवा. पुरातत्त्वज्ञ डेनिस शान यांनी नक्षीवाल्या तांगांचा संबंध मुली वयात येतानाच्या विधीशी जोडलाय, ते जास्त पटतं.

तर कुणाकडे आतल्या बाजूचे फोटो आहेत का? म्युझियमवाले सगळे समोरून फोटो काढतात, नक्षी झकास दिसते, झीज काही दिसत नाही. आणि गोव्याकडचं पोर्तुगीज वाचणारं कुणी असेल तर प्लीज हात वर करा, शान यांचं बरंचसं लिखाण त्याच भाषेत आहे.

---

उत्तर १:
मेगर्स आणि एव्हान्स या पुरातत्त्वज्ञ जोडप्याने 1948-49 ला तिथे खोदकाम केलं, त्यांचा 1957 चा जाडजूड रिपोर्ट अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या साइटवर फुकट आहे, आधी तो उतरवून घे. मात्र ही संस्कृती बाहेरून आली आणि तिथल्या हवामानात खालावत गेली हे त्यांचं म्हणणं मनावर घेऊ नकोस, ॲना रूझवेल्ट या पुरातत्त्वज्ञांनी पुढे त्याला चांगलंच आव्हान दिलंय. आणि झीज बघताना भोकाची नेमकी कुठली कड घासलीय ते बघ, दोरीचा ताण वरच्या दोन भोकांना बाजूला बसणार आणि खालच्याला खाली, तशी झीज असेल तर बांधून वावरल्याचा पुरावा, भोक सगळीकडून सारखं गुळगुळीत असेल तर ते करतानाच घोटलेलं असू शकतं. फोटो ब्राझीलमधल्या बेलें शहरातल्या गोएल्डी म्युझियमला मेल करून माग, तिथे तांगा आहेत.

उत्तर २:
पोर्तुगीज थोडंफार येतं मला, पीडीएफ पाठव. रविवारनंतर बघते, घरी पाहुणे आहेत.